आधारसक्तीला विरोध: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली उत्तरं तीन प्रकारच्या वाचकांसाठी आहेत: ज्यांनी आधार काढलेलंच नाही, ज्यांनी काढलं पण आता मशीन त्यांना ओळखत नाही, आणि ज्यांचं सगळं सुरळीत आहे पण हा विरोध कशासाठी हे समजून घ्यायचंय. घाई असेल तर रेशनच्या आणि तक्रारीच्या प्रश्नांकडे थेट जा.

ओळखपत्र तर हवंच ना? मग विरोध नेमका कशाला?

ओळखपत्राला विरोध नाहीच. रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पासपोर्ट यांपैकी काही ना काही बहुतेकांकडे असतंच, आणि ते दाखवायला कुणाची हरकत नव्हती. आधार ही वेगळी वस्तू आहे. तुम्ही लॅमिनेट करून पाकिटात ठेवता तो नुसता कागद. खरं आधार म्हणजे बारा आकडी क्रमांक आणि त्यामागे मध्यवर्ती साठ्यात ठेवलेले दहा बोटांचे ठसे, दोन्ही बुबुळं आणि चेहऱ्याचा फोटो.

जुन्या पद्धतीत तलाठी किंवा दुकानदार कार्डावरचा फोटो बघायचा, समोरच्या माणसाचं तोंड बघायचा आणि ठरवायचा. आधारमध्ये हा निर्णय दूरच्या सर्व्हरकडे जातो आणि तिथून ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच परत येतं. सर्व्हर ‘नाही’ म्हणाला की वीस वर्षं ओळखणारा दुकानदारही हात वर करतो. पहिला आक्षेप हा. दुसरा असा की एकच क्रमांक बँक, दवाखाना, शाळा, कर, मोबाइल आणि रेशन अशा सगळीकडे टाकला की एरवी वेगवेगळ्या राहणाऱ्या नोंदी एका दोऱ्यात ओवता येतात. तिसरा आक्षेप सक्तीला. ‘ऐच्छिक’ असं लिहायचं आणि पर्याय मात्र ठेवायचा नाही, हा प्रकार गेली पंधरा वर्षं चालू आहे.

याची सुरुवात कधी झाली?

मूळ कल्याणकारी योजनांत नव्हतं. कारगिल युद्धानंतरच्या सुरक्षा आढाव्यातून सर्व नागरिकांना ओळखपत्र देण्याची कल्पना पुढे आली आणि २००३ च्या दुरुस्तीने नागरिकत्व कायद्यात कलम १४-अ आलं. जानेवारी २००९ मध्ये नियोजन आयोगाच्या छत्राखाली, एका अधिसूचनेने, आधार देणारं विशिष्ट ओळख प्राधिकरण (यूआयडीएआय) उभं राहिलं. जुलैत नंदन निलेकणी अध्यक्ष झाले. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात, तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत, देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले.

संघटित विरोध त्याच्या आदल्याच दिवशी नोंदवला गेला होता. न्या. व्ही. आर. कृष्णा अय्यर, न्या. ए. पी. शहा, रोमिला थापर, अरुणा रॉय, उपेंद्र बक्षी, बेझवाडा विल्सन अशा सतरा जणांनी निवेदन काढून योजना थांबवा, आधी व्यवहार्यता आणि खर्च तपासा, कायदा करा, अशी मागणी केली. डिसेंबर २०११ मध्ये यशवंत सिन्हा यांच्या अध्यक्षतेखालच्या संसदीय स्थायी समितीने सरकारचं विधेयक नाकारलं. तरी नोंदणी चालूच राहिली. २०१६ पर्यंत कोट्यवधी लोकांचे ठसे कुठल्याही कायद्याच्या आधाराशिवाय गोळा झाले, हे आज फारसं कुणाला आठवत नाही.

हा एका पक्षाचा अजेंडा आहे का?

योजना काँग्रेसच्या काळात आली, तेव्हा भाजप टीका करत होता. मार्च २०१६ मध्ये भाजप सरकारने राज्यसभेच्या दुरुस्त्या बाजूला सारून ती ‘धन विधेयक’ म्हणून कायद्यात आणली, तेव्हा काँग्रेसचे जयराम रमेश न्यायालयात गेले. यावरून काय ते समजा. विरोध टिकवून धरला तो पक्षांबाहेरच्या लोकांनी: निवृत्त न्यायाधीश के. एस. पुट्टस्वामी यांची २०१२ ची याचिका, कायदेतज्ज्ञ उषा रामनाथन यांचं सततचं लिखाण, ज्याँ द्रेझ आणि रीतिका खेरा यांची रेशन आणि रोजगार हमीवरची पाहणी, अन्न अधिकार अभियान आणि मजुरांच्या संघटना.

सर्वोच्च न्यायालयाने आधार वैध ठरवलं. आता काय उरलं?

बरंच उरलं आहे, कारण निकाल ‘सगळं चालेल’ असा नव्हता. तो सोयीस्करपणे अर्धाच सांगितला जातो.

सुनावणीत सरकारने आधी ‘खासगीपणा हा मूलभूत हक्कच नाही’ असा पवित्रा घेतला होता. तो मुद्दा नऊ न्यायाधीशांपुढे गेला आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी सगळ्यांनी एकमताने सांगितलं की हक्क आहे. त्यानंतर २६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायाधीशांनी आधार कायद्यावर ४ विरुद्ध १ असा निकाल दिला. कलम ७, म्हणजे सरकारी तिजोरीतून मिळणाऱ्या लाभांसाठी आधार मागणं, टिकलं. पॅनला आधार जोडणंही टिकलं. पण बँक खातं आणि सिमकार्ड जोडण्याची सक्ती रद्द झाली. खासगी कंपन्यांना आधार वापरू देणारा कलम ५७ चा भाग गेला. शाळाप्रवेशासाठी आणि नीटसारख्या परीक्षांसाठी सक्ती नको, पडताळणीच्या नोंदी सहा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायच्या नाहीत, हेही त्यातच आहे. न्या. धनंजय चंद्रचूड यांनी वेगळं मत देताना कायदा धन विधेयक म्हणून मंजूर करणं हीच राज्यघटनेशी केलेली फसवणूक आहे, असं म्हटलं. पुनर्विचार याचिका जानेवारी २०२१ मध्ये फेटाळल्या गेल्या, तेव्हाही त्यांचं मत वेगळंच होतं. धन विधेयक नेमकं कशाला म्हणायचं हा व्यापक प्रश्न नोव्हेंबर २०१९ मध्ये दुसऱ्या एका प्रकरणात सात न्यायाधीशांकडे सोपवला गेला.

जे न्यायालयाने बंद केलं त्यातलं काही मागच्या दाराने परत आलं. २०१९ च्या दुरुस्तीने बँका आणि टेलिकॉम कंपन्यांना ‘ग्राहकाच्या इच्छेने’ आधार वापरायला मुभा दिली. जानेवारी २०२५ च्या नियमांनी इतर खासगी संस्थांनाही सरकारी मंजुरीने वाट मोकळी केली. काउंटरवर ‘इच्छा’ कशी घेतली जाते हे वाचकांना वेगळं सांगायला नको.

आधार नसेल तर काय अडतं आणि काय अडायला नको?

प्राप्तिकर विवरणपत्र आणि पॅन यांत सुटका नाही. १ जुलै २०२३ पासून न जोडलेले पॅन निष्क्रिय झाले आणि विलंबाने जोडायला १,००० रुपये शुल्क आहे. सूट आहे ती अनिवासी भारतीयांना, ८० वर्षं पूर्ण झालेल्यांना, भारताचे नागरिक नसलेल्यांना आणि आसाम, मेघालय, जम्मू-काश्मीरच्या रहिवाशांना. अनिवासी मराठी मंडळींचा इथे हमखास घोटाळा होतो: प्राप्तिकर पोर्टलवर त्यांची स्थिती ‘निवासी’ अशीच राहिलेली असते, म्हणून पॅन बंद पडतं. आधी स्थिती दुरुस्त करून घ्या.

कलम ७ खालच्या योजनांत, म्हणजे रेशन, पेन्शन, शिष्यवृत्ती, शेतकऱ्यांचं अनुदान यांत, आधार मागता येतं. पण त्याच कलमात लिहिलं आहे की क्रमांक मिळालेला नसेल तर ओळखीचा पर्यायी मार्ग द्यावा लागेल.

बँक खात्यासाठी पासपोर्ट, वाहन परवाना, मतदार ओळखपत्र, रोजगार हमीचं जॉबकार्ड यांतलं एक रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार चालतं. सरकारी अनुदान त्या खात्यात हवं असेल तरच आधारचा प्रश्न येतो. सिमकार्डासाठीही सक्ती नाही. मात्र दुकानातला मुलगा अंगठ्याचं यंत्र पुढे करतो, कारण त्याचं काम दोन मिनिटांत होतं. कागदावरची पद्धत मागा, नाही म्हणाला तर कंपनीच्या मुख्य दालनात जा.

निवृत्तीवेतनधारकांना हयातीचा दाखला अंगठा न लावता देता येतो. नोव्हेंबरात बँकेत जाऊन कागदी दाखल्यावर सही करा.

सक्ती कशी पसरते याची ताजी उदाहरणं रेल्वे आणि भविष्यनिर्वाह निधीची. जुलै २०२५ पासून तत्काळ तिकिटाला आधार पडताळणी लागते, ऑगस्ट २०२५ पासून नव्या कामगाराचा पीएफचा यूएएन, म्हणजे कायमचा खाते क्रमांक, चेहरा पडताळून काढायचा. तिकीट हे काही अनुदान नव्हे.

रेशन दुकानात अंगठा लागत नाही. काय करायचं?

आधी यंत्र काय म्हणतंय ते बघा. दुकानदार ‘लागत नाही’ एवढंच सांगतो, पण ई-पॉसच्या पडद्यावर किंवा चिठ्ठीवर चुकीचा क्रमांक येतो आणि इलाज त्यावरून ठरतो. ३०० म्हणजे ठसा जुळला नाही. ३३० म्हणजे तुमची बायोमेट्रिक माहिती कुलूपबंद आहे. ८११ म्हणजे साठ्यात तुमचे ठसेच नाहीत. लहानपणी नोंदणी होऊन नंतर अद्ययावत न केलेल्या मुलांत हे दिसतं. ९९७ म्हणजे आधार सक्रिय नाही. यांपैकी काहीच नसेल आणि नुसतं चक्र फिरत असेल तर दोष जाळ्याचा आहे, तुमच्या बोटाचा नाही. पडद्याचा फोटो काढून ठेवा. पुढच्या तक्रारीत तोच कामाचा.

३०० आला तर हात साबणाने धुवून पुसा, काच पुसायला सांगा, आणि दहाही बोटं करून बघा. बहुतेक दुकानदार अंगठ्यावरच अडून बसतात, पण अनामिका किंवा करंगळी जुळल्याची उदाहरणं भरपूर आहेत, कारण ती बोटं कमी झिजतात. ऊसतोड, विडी वळणं, वीटभट्टी, धुणीभांडी, सिमेंट यांत हयात गेलेल्यांच्या अंगठ्यावरच्या रेषा गुळगुळीत झालेल्या असतात. कोरड्या थंडीत हे आणखी बळावतं. म्हाताऱ्या माणसांत त्वचा सैल पडते, त्यामुळे दाब दिला की ठसा पसरतो. हलकं ठेवायला सांगा.

तरी नाही जुळलं तर बुबुळ, मोबाइलवरचा ओटीपी, किंवा कुटुंबातल्या दुसऱ्या सदस्याचा ठसा, हे मार्ग आहेत. तेही संपले तर २४ ऑक्टोबर २०१७ चं केंद्रीय अन्न विभागाचं परिपत्रक दाखवा. त्यात स्पष्ट आहे: आधार नाही, ठसा जुळत नाही, नेटवर्क नाही या कारणांवरून धान्य नाकारायचं नाही, रेशनकार्ड बघून, वहीत अपवाद म्हणून नोंद करून धान्य द्यायचं. आधार जोडलं नाही एवढ्यावरून यादीतून नाव काढायचं नाही, हेही त्यातच आहे. ओळख प्राधिकरणानेही त्याच दिवशी याच अर्थाच्या सूचना दिल्या.

हे परिपत्रक महिनाभर आधी घडलेल्या घटनेमुळे आलं. झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात अकरा वर्षांची मुलगी दगावली; तिच्या कुटुंबाचं रेशनकार्ड आधारशी न जोडल्यामुळे रद्द झालं होतं. शासनाने मृत्यू मलेरियाने झाल्याचं सांगितलं. आई मुलगी भातासाठी रडत गेल्याचं सांगत होती.

ई-केवायसीचं, म्हणजे आधारवरून ओळख पक्की करून घेण्याचं, प्रकरण वेगळं. ते प्रत्येक सदस्याचं एकदा होतं आणि न झाल्यास त्या सदस्याचं धान्य थांबवलं जातं. पुण्या-मुंबईत कामाला असलेल्यांनी गावी जायची गरज नाही. जवळच्या कुठल्याही रेशन दुकानात किंवा ‘मेरा ई-केवायसी’ ॲपवर चेहरा दाखवून ते होतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत अर्ज द्या आणि घरी येऊन पडताळणी करण्याची मागणी लेखी करा.

अशा अडचणी किती जणांना येतात? तुरळकच ना?

केंद्राच्याच २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीने पडताळणी फसण्याचे अंदाज दिले आहेत: झारखंड ४९ टक्के, राजस्थान ३७ टक्के, गुजरात ६ टक्के. मार्च २०१८ मध्ये प्राधिकरणाच्या मुख्याधिकाऱ्यांनी सर्वोच्च न्यायालयात सांगितलं की सरकारी सेवांत पडताळणी ८८ टक्के यशस्वी होते. उरलेले १२ टक्के म्हणजे दर आठातला एक. बँकेच्या एटीएमने दर आठव्या माणसाला हाकललं असतं तर ते यंत्र आठवड्यात बदललं असतं.

पण बोगस लाभार्थी आणि गळती तर थांबली?

गळती तीन वाटांनी होते. एक, दुसऱ्याच्या नावावर कुणीतरी उचल करतो. दोन, अपात्र माणूस खोटा उत्पन्नाचा दाखला देऊन आत शिरतो. तीन, दुकानदार ३५ किलोची नोंद करून ३० देतो. अंगठा पहिल्या वाटेवर आडवा येऊ शकतो. दुसऱ्या वाटेवरच्या माणसाचा अंगठा खराच असतो, त्यामुळे यंत्र त्याला सलाम करतं. तिसऱ्या वाटेवर तर आधारमुळे दुकानदाराचं फावतं: आधी अंगठा लावून घ्यायचा, मग मापात मारायचं, आणि नोंद कायमची पक्की. छत्तीसगडने गळती बरीच कमी केली ती आधारच्या आधी, धान्याचे ट्रक, वाटपाच्या याद्या आणि दुकानांची मालकी सुधारून.

सरकार वाचलेल्या पैशांचे मोठे आकडे देतं. त्यांत खरे बोगस किती आणि अडचणीत सापडून गळालेले खरे लाभार्थी किती, हे वेगळं करून दाखवलेलं नसतं. बाहेर पडलेला प्रत्येक जण ‘बोगस’ म्हणून मोजला की बचत आपोआप वाढते.

लाडकी बहीण किंवा पीएम किसानचे पैसे माझ्या खात्यात आलेच नाहीत. आधारचा काय संबंध?

बहुतेक वेळा पैसे आलेले असतात, पण दुसऱ्या खात्यात. आधारवर आधारित पैसे खाते क्रमांकावर जात नाहीत. भारतीय राष्ट्रीय देयके महामंडळाच्या, म्हणजे एनपीसीआयच्या, तक्त्यात तुमच्या आधारसमोर ज्या बँकेचं नाव असेल तिकडे जातात, आणि तिथे सर्वात शेवटी जोडलेली बँक असते. कुठेतरी सिम घेताना किंवा मेळाव्यात झिरो बॅलन्स खातं काढताना कुणी नकळत जोडणी केली असेल तर पैसा तिथे साचतो. २०१७ मध्ये अशाच रीतीने लाखो ग्राहकांची गॅस सबसिडी एका मोबाइल कंपनीच्या पेमेंट बँकेत गेली होती आणि तिचा ई-केवायसीचा परवाना काही काळ थांबवला गेला.

‘माय आधार’ पोर्टलवर ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघा; तिथे बँकेचं नाव आणि जोडणी सक्रिय आहे की नाही हे दिसतं. चुकीची बँक असेल तर हव्या त्या बँकेत जाऊन डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, आधार जोडणीचा फॉर्म भरा आणि पोच घ्या. खात्याला केवायसी म्हणून आधार दिलेलं असणं आणि डीबीटीसाठी जोडलेलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बँकेतला कर्मचारीच अनेकदा गल्लत करतो आणि ‘तुमचं लिंक आहे’ म्हणून परत पाठवतो. पोर्टलवरच्या पानाची प्रत घेऊनच जा.

लाडकी बहीणच्या २०२५ च्या ई-केवायसीत बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचं किंवा वडिलांचं आधारही मागितलं. दरमहा १,५०० रुपये तिला मिळायचे, पण त्यासाठी ओटीपी नवऱ्याच्या मोबाइलवर. विधवा, परित्यक्ता, माहेरी वडील हयात नसलेल्या बायका यांचं काय, हे नंतर सुचलं. एका क्रमांकावर सगळं टांगलं की घरातल्या कुणाच्या हातात सत्ता जाते, याचं याहून नेमकं उदाहरण शोधायला नको.

एकदा काढलेलं आधार रद्द करता येतं का?

प्रौढांना नाही. कायद्यात तशी तरतूदच ठेवलेली नाही. मुलांना आहे: अठरा वर्षं पूर्ण झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत रद्द करण्याचा अर्ज करता येतो. मुदत चुकली की संपलं, म्हणून वाढदिवसाच्या आसपासच अर्ज द्या.

आधार आहेच, तर धोका कमी कसा करायचा?

पहिलं काम: पोर्टलवर किंवा एम-आधार ॲपमध्ये बायोमेट्रिक कुलूप लावा. गरज पडली की तात्पुरतं उघडता येतं, दहा मिनिटांनी ते आपोआप बंद होतं. अपवाद एकच: घरातलं रेशन जो आणतो त्याने, मोबाइलवर कुलूप उघडायची सवय नसेल तर, लावू नये, दुकानात ३३० येईल.

या कुलपाचं कारण ठोस आहे. २०१८ मध्ये तेलंगणात एका सिमविक्रेत्याने जमिनीच्या नोंदणीकृत दस्तांवरच्या ठशांवरून कृत्रिम ठसे बनवून सिमकार्डं चालू केली. पुढे याच युक्तीने आधारवर पैसे काढण्याच्या सेवेतून लोकांची खाती रिकामी झाली. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, बोट बदलता येत नाही. ही सेवा वापरत नसाल तर ती बंद करण्यासाठी बँकेला लेखी कळवा. पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन आणि तीन कामकाजी दिवसांच्या आत बँकेकडे लेखी तक्रार. त्या मुदतीत कळवलं आणि चूक तुमची नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार भुर्दंड तुमच्यावर येत नाही.

कागद द्यावाच लागला तर ‘मास्क्ड’ आधार द्या. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची इंग्रजी पहिली चार मोठी अक्षरं आणि जन्मवर्ष. झेरॉक्सवर तारीख, कुणाला दिली आणि कशासाठी हे आडवं लिहून सही करा. २०१८ पूर्वी छापलेलं कार्ड असेल तर त्यावरच्या क्यूआर कोडमध्ये पूर्ण क्रमांक असतो. आकडे खोडले तरी तो कोड वाचता येतो.

क्रमांकाऐवजी सोळा आकडी व्हर्च्युअल आयडी देता येतो आणि हवा तेव्हा बदलता येतो. संपूर्ण क्रमांकच कुलूपबंद करायचा असेल तर आधी हा आयडी काढून जपून ठेवा, कारण उघडताना तोच लागतो.

महिन्यातून एकदा पोर्टलवर ‘ऑथेंटिकेशन हिस्टरी’ बघा. मागच्या सहा महिन्यांतल्या जास्तीत जास्त ५० नोंदी दिसतात. तुम्ही न केलेली नोंद आढळली तर तिचा फोटो काढा आणि १९४७ वर तक्रार करा.

माहिती खरंच फुटते का? सरकार तर साठा सुरक्षित आहे म्हणतं.

मध्यवर्ती साठ्यातले ठसे चोरीला गेल्याचं सिद्ध झालेलं नाही, हे मान्य. पण साठ्याच्या भिंती कितीही जाड असल्या तरी क्रमांक शेकडो कार्यालयांत विखुरलेला आहे. मे २०१७ मध्ये सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी या संस्थेने दाखवलं की चार सरकारी संकेतस्थळांवर सुमारे १३ कोटी लोकांचे आधार क्रमांक उघडे पडले होते. जानेवारी २०१८ मध्ये ‘ट्रिब्यून’च्या बातमीदाराने ५०० रुपयांत कुणाचाही पत्ता आणि फोन दाखवणारं लॉगिन विकत घेऊन दाखवलं; पोलिसांत दाखल झालेल्या फिर्यादीत त्या बातमीदाराचंच नाव होतं. सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटीलाही नोटीस गेली होती. दोष दाखवणाऱ्याच्याच मागे लागण्याची ही सवय आमच्या मते गळतीइतकीच गंभीर आहे.

शाळेत मुलाचं आधार मागतात.

प्रवेश नाकारता येत नाही, आणि आधार नाही म्हणून मुलाला माध्यान्ह भोजनासारखा लाभही बंद करता येत नाही. मुख्याध्यापक मागे लागतात याचं कारण वेगळं आहे: महाराष्ट्रात संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर होणार हे, आधार जुळलेल्या विद्यार्थ्यांच्या संख्येवर धरतात. नावातल्या एका वेलांटीच्या फरकाने मूल ‘अमान्य’ होतं आणि शिक्षकाचं पद धोक्यात येतं. त्यामुळे शाळेशी भांडू नका, शिक्षण विभागाला लिहा. ‘अपार’ आयडीला, म्हणजे विद्यार्थ्याच्या देशव्यापी शैक्षणिक ओळख क्रमांकाला, पालकांची लेखी संमती लागते. द्यायची नसेल तर नकार लिहून द्या.

हॉटेल, सोसायटी, कुरिअरवाला?

यांना आधारच द्यायला हवं असा कायदा नाही. कुठलंही फोटो ओळखपत्र दाखवा.

आधार म्हणजे नागरिकत्वाचा पुरावा का?

नाही. कायद्याच्या कलम ९ मध्येच तसं आहे; आधार रहिवाशाला मिळतं, नागरिकालाच असं नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही ठाण्यातल्या एका प्रकरणात आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र असल्याने कुणी नागरिक ठरत नाही असं म्हटलं. सप्टेंबर २०२५ मध्ये बिहारच्या मतदार यादी फेरतपासणीत सर्वोच्च न्यायालयाने आधार बारावं कागदपत्र म्हणून स्वीकारायला लावलं, पण ओळखीपुरतंच.

मतदार यादीला आधार जोडण्याचा फॉर्म ६-ब ऐच्छिक आहे. निवडणूक आयोगाने सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तसं सांगितलं. मतदान केंद्र अधिकारी आग्रह धरत असेल तर त्याला हेच सांगा.

दुसऱ्या देशांत असा विरोध यशस्वी झाला आहे का?

ब्रिटनमध्ये झाला. २००४ पासून ‘नो-टू-आयडी’ या मोहिमेने लोकांकडून नोंदणी न करण्याच्या शपथा घेतल्या, खर्चाचे हिशेब काढले आणि विरोधी पक्षांना जाहीरनाम्यात आश्वासन द्यायला लावलं. २००६ चा ओळखपत्र कायदा २०१० मध्ये रद्द झाला आणि फेब्रुवारी २०११ मध्ये नोंदणीच्या हार्डडिस्क अक्षरशः चुरडल्या गेल्या. ऑस्ट्रेलियात १९८७ मध्ये ‘ऑस्ट्रेलिया कार्ड’ जनक्षोभामुळे सोडून द्यावं लागलं. दोन्हीकडे विरोध नोंदणी पूर्ण होण्याआधी पेटला होता. इथे ती वेळ निघून गेली आहे, म्हणून आजची मागणी साठा जाळा अशी नसून प्रत्येक काउंटरवर चालणारा पर्याय द्या आणि प्रौढांनाही बाहेर पडण्याचा हक्क द्या अशी आहे.

काउंटरवर नाकारलं. तक्रार कशी करायची?

तोंडी वाद घालू नका. दोन प्रतींत अर्ज लिहा, एकीवर शिक्का आणि आवक क्रमांकासह पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. मजकूर चार ओळींचा पुरे:

‘दिनांक ... रोजी ... वाजता मला ... हा लाभ आधार पडताळणी न झाल्याच्या कारणावरून नाकारण्यात आला. यंत्रावर आलेला त्रुटी क्रमांक ... . माझ्याकडे ... हे ओळखपत्र असून त्याची प्रत जोडली आहे. मला पर्यायी ओळखीच्या आधारे लाभ द्यावा, अथवा कोणत्या नियमान्वये नाकारला ते लेखी कळवावे.’

शेवटचं वाक्य सोडू नका. बहुतेक प्रकरणं तिथेच सुटतात, कारण नियम लेखी द्यायला कुणी तयार नसतं.

रेशनची तक्रार १९६७ वर नोंदवा, मग जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आणि त्यानंतर राज्य अन्न आयोग. हक्काचं धान्य मिळालं नाही तर अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ८ प्रमाणे भत्ता मागता येतो, तो अर्जातच मागा. उत्तर आलं नाही तर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात दोन गोष्टी विचारा: माझ्या अर्जावर काय कार्यवाही झाली, आणि गेल्या वर्षभरात या दुकानात अपवाद वहीत किती नोंदी झाल्या. मुदत ३० दिवसांची. वही कोरी निघाली तर तोच पुरावा.

आधारचा गैरवापर झाला असेल तर आता प्राधिकरणावर अवलंबून राहायला नको. मूळ कायद्यात फक्त प्राधिकरणच न्यायालयात जाऊ शकत होतं. २०१९ पासून तोतयेगिरी किंवा माहितीचा अनधिकृत वापर अशा ठरावीक गुन्ह्यांसाठी आधारधारक स्वतः तक्रार करू शकतो. उच्च न्यायालयात जायची वेळ आली तर उच्च न्यायालय विधी सेवा समितीकडून मोफत वकील मागा. महिला, मुलं, अपंग व्यक्ती, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि औद्योगिक कामगार यांना तो उत्पन्न कितीही असलं तरी मिळतो.